थंडी, बुलेट आणि लाल पट्टी

मुलांनो, आधी एक कोडं घालतो. अशी कोणती शर्यत आहे, की जिच्यात सगळ्यांत शेवटी पोहोचणाऱ्याचा पहिला नंबर येतो? उत्तर येत असेल तर मनातच ठेवा. येत नसेल तर माझ्याबरोबर गोव्यापर्यंत चला. ही शर्यत मी तिथं या डोळ्यांनी पाहिली. मात्र स्वेटर आणि कानटोपी घालूनच निघा बरं का! कारण आपल्याला जायचंय मोटारसायकलवरून, आणि तेही नोव्हेंबरातल्या थंडीत.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. माझा एक लहानपणापासूनचा मित्र आहे. गावात त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, म्हणून सगळे त्याला 'मेस्त्री' म्हणतात. तो मला 'गुरुजी' म्हणतो. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो, पण आता एकमेकांना नावानं हाक मारली तर दोघांनाही चुकल्यासारखं होतं!

माझ्याकडे एक जुनी बुलेट आहे. तिचा जीव मेस्त्रीच्या हातात. गोव्यात वागातोरला दर नोव्हेंबरात बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा भरतो. तेव्हा त्याचं नाव होतं 'रायडर मेनिया'. २०२३ पासून त्याला 'मोटोव्हर्स' म्हणतात. करोनामुळे दोन वर्षं खंड पडला आणि २०२२ साली १८ ते २० नोव्हेंबर या तारखांना तो पुन्हा भरला. मेस्त्री म्हणाला, "गुरुजी, आता नाही गेलो तर म्हातारपणी काठी टेकत जायचं का?" मी चार किरकोळ रजा टाकल्या. मेस्त्रीनं गॅरेजच्या दाराला कुलूप लावलं. आणि ठरलं!

पाटोद्याहून गोवा साधारण साडेपाचशे किलोमीटर. जायचे रस्ते दोन-तीन आहेत. त्यातला बार्शी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर हा मी मुद्दाम निवडला. का, ते पुढे कळेलच.

जुन्या घराण्याची गाडी

निघण्यापूर्वी आपल्या गाडीची ओळख करून घ्या. इंग्लंडमधल्या रेडिच गावी रॉयल एनफिल्ड कंपनीनं १९०१ साली आपली पहिली मोटारसायकल बनवली. 'बुलेट' हे नाव आलं १९३२ मध्ये. बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाड्या हव्या होत्या. १९५५ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट तिथं जुळवली जाऊ लागली. पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, मद्रासचा मात्र चालूच राहिला. आजोळी वाढलेलं पोर घरच्यांपेक्षा धट्टंकट्टं निघावं, तसंच झालं म्हणा ना!

माझी गाडी जुन्या पद्धतीची. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. बटण दाबलं की सुरू, असंही नाही. टाकीच्या पुढे एक छोटा काटा असतो. हँडलजवळचा एक लहान खटका दाबायचा, किक हळूच खाली नेत तो काटा बरोबर मध्ये आणायचा, खटका सोडायचा आणि मग जोरात किक! जमलं तर 'डुग्-डुग्-डुग्'. नाही जमलं तर किक उलटी येऊन पोटरीला असा फटका देते, की पुढच्या वेळी आपण शहाण्यासारखे काट्याकडे बघतो.

मेस्त्रीनं आदल्या दिवशी ऑइल, चेन, ब्रेक आणि चाकांतली हवा तपासली. पिशवीत पाने, पक्कड, एक जादा प्लग, क्लचची आणि ॲक्सिलेटरची वायर भरली. शिवाय रेडियम पट्टीचं एक जाड बंडल घेतलं. मी विचारलं, "हे कशाला रे?" म्हणाला, "आपल्या पिशव्यांना लावू. रात्रीचं मागच्याला दिसलं पाहिजे." हे बंडल लक्षात ठेवा हं!

छातीवर वर्तमानपत्र

गुरुवारी पहाटे साडेपाचला निघालो. शाळेचा तापमापक मी घरी आणून ठेवला होता. पारा होता तेरा अंशांवर. म्हणजे फार काही नाही. अंगणात उभं राहिलं तर शाल पुरेल अशी थंडी. पण गाडीनं वेग घेतला मात्र, आणि बोटं बधिर, नाकातून पाणी आणि दातांचा ताशा सुरू!

असं का होतं? वाऱ्यानं पारा खाली उतरत नाही. तोच तापमापक गाडीवर धरला असता तरी त्यानं तेराच दाखवले असते. पण आपल्या अंगाभोवती शरीराच्या उबेनं गरम झालेल्या हवेचा एक पातळ थर असतो. ती आपली न दिसणारी गोधडी. वारा ही गोधडी सारखी ओढून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी गोधडी तयार करावी लागते. म्हणून थंडी जास्त वाजते. पंख्याखाली बसलं की गार वाटतं, त्याचंही एक कारण हेच.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. मेस्त्रीनं टपरीवाल्याकडून दोन जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली, घड्या केल्या आणि एक स्वतःच्या, एक माझ्या स्वेटरच्या आत छातीवर सरकवली. पहाटे सायकलवरून दूध घालणारे लोक ही युक्ती करतात. कागदातून वारा आत शिरत नाही आणि घड्यांमध्ये हवा कोंडून राहते. गोधडी जागच्या जागी! त्या दिवशीच्या बातम्या मला अशा छातीशी धरून न्याव्या लागल्या.

नाकानं पाहिलेला रस्ता

मोटारसायकलला काचा नसतात, ही तिची अडचण आणि हीच तिची मौज. एस.टी.त बसलं की रस्ता डोळ्यांना दिसतो. गाडीवर तो नाकालाही दिसतो. चौसाळा सोडलं तेव्हा चुलींचा धूर आणि भाजत्या भाकरीचा वास आला. येरमाळ्याच्या पुढे तुरीची शेतं पिवळ्या फुलांनी भरली होती. शाळू गुडघ्याएवढा झाला होता. बार्शीला पिठलं-भाकरी खाऊन कुर्डुवाडीकडे वळलो. या भागात १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अगदी छोट्या रुळांवरून धावणारी झुकझुक गाडी. आता तिथं मोठे रूळ आले आहेत.

पंढरपुरात कार्तिकी एकादशी होऊन दोनच आठवडे झाले होते. चंद्रभागेच्या पुलावरून हात जोडले आणि पुढे सांगोल्याची वाट धरली. सांगोल्याच्या अलीकडे 'टक्' असा आवाज झाला आणि क्लचची वायर तुटली. मेस्त्रीला जणू आनंदच झाला! बाभळीच्या सावलीत त्यानं पिशवी उघडली आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत नवी वायर बसवलीसुद्धा. "बघ गुरुजी, घरपाठ केलेला कामाला येतो," असं मलाच सुनावलं.

सतार आणि तंबोरे घडवणाऱ्यांचं मिरज मागे पडलं तोवर ऊन उतरलं होतं. अंकलीजवळ कृष्णेचा पूल ओलांडला आणि वास एकदम बदलला. मळीचा आंबूस, गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचा गोड आणि जळणाऱ्या पाचटाचा करपट. आम्ही उसाच्या मुलखात आलो होतो.

बैलाचे डोळे पुढे असतात

नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. आता गाडी मेस्त्री चालवत होता, मी मागे. वेग चाळीसचा. अचानक मेस्त्रीनं दोन्ही ब्रेक दाबले. मी त्याच्या पाठीवर आदळलो. समोर काहीच नव्हतं. निदान मला तरी काही दिसलं नाही. मग आमच्या दिव्याच्या उजेडात उसाची टोकं हलताना दिसली. उसानं भरलेली बैलगाडी! मागे दिवा नाही, कंदील नाही, काही नाही. आमच्यात आणि तिच्यात चार-पाच हात अंतर उरलं होतं.

आता थोडं गणित करू. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे! ब्रेक लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. मेस्त्री साठवर असता तर? उत्तर तुमचं तुम्हीच काढा.

बैलांचे डोळे रात्री चमकतात, हे तुम्ही पाहिलं असेल. गाय, बैल, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांत आतल्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. तो उजेड परत फेकतो. त्यामुळे समोरून येणारी बैलगाडी दोन जोड्या हिरवट दिव्यांसारखी दिसते. पण बैलाचे डोळे पुढे असतात. मागून येणाऱ्याला दिसतो तो फक्त ऊस, आणि अंधारात ऊसही अंधाराच्याच रंगाचा.

आम्ही गाडीवानाला राम राम केला. तो म्हणाला, "कुठलं पाव्हणं?" "बीडचे." तो हसला. "मग घरचीच की! आम्ही बी तिकडलीच."

कोपीवरची माझी विद्यार्थिनी

आता सांगतो, हा रस्ता मी का निवडला ते.

आमच्या भागात पाऊस कमी, शेती कोरडवाहू. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊस तोडायला सांगली, कोल्हापूरकडे आणि कर्नाटकातही जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. मोजायची माणसं आणि नाव हत्याराचं! मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात. त्याला 'उचल' म्हणतात. ती फेडायची म्हणून पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कारखान्यावर रिकामी करायची. राहायला उसाच्या पाचटाची आणि ताडपत्रीची खोपटी. तिला 'कोपी' म्हणतात.

काही मुलं गावातच आजी-आजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधारानं शिकतात. बाकीची आई-वडिलांबरोबर जातात. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि माझ्या चौथीतली एक मुलगी शाळेत आलीच नाही. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. दरवर्षी ती आजीजवळ राहायची. यंदा आजी आजारी पडली, म्हणून तीही टोळीबरोबर गेली. अशा मुलांना शाळा एक 'शिक्षण हमी पत्रक' देते. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. तिचं पत्रक माझ्या टेबलाच्या खणात तसंच राहिलं होतं. तिच्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "गुरुजी, जयसिंगपूरजवळ आहोत." मग काय, पत्रक घेतलं आणि गोव्याचा रस्ता जयसिंगपूरवरून काढला!

त्या भेटलेल्या गाडीवानानंच आम्हाला कोपीपर्यंत नेलं. कोप्यांसमोर चुली पेटल्या होत्या. थंडी होतीच, पण तिथं कोणाच्याही अंगात माझ्यासारखं जाड जाकीट नव्हतं. ती मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला पाहून आधी कोपीत पळाली. मग हळूच डोकावून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही रजेवर आहात का?"

तिची आई म्हणाली, "शाळा हाय हितं. पण ह्याला कोण बघंल? आम्ही दोघं फडात." यावर मला काय बोलावं ते सुचेना. उपदेश करणं सोपं असतं हो, पण लहान लेकरू उसाच्या फडात कोयत्यांजवळ ठेवायचं कसं?

तोपर्यंत मेस्त्रीनं रेडियमचं बंडल काढलं होतं. तो गाड्यांभोवती फिरत होता. गाडीच्या मागच्या फळीला पट्टी लावून उपयोग नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. कारण गाडी भरली की ऊस मागे लोंबतो आणि फळी झाकून जाते. मग त्यानं पोत्याचे तुकडे कापले, त्यांवर लाल पट्ट्या शिवून घेतल्या आणि सुतळीनं मोळीच्या शेवटच्या टोकाला बांधायची सोय केली. मागे लाल, पुढे पांढरी. रस्त्याचा नियमच आहे तो. अशा पट्ट्यांत काचेचे बारीक मणी किंवा लहान लहान कोन असतात. उजेड जिकडून येतो, तिकडेच ते परत पाठवतात. वीज नको, सेल नको. सहा गाड्यांना पुरल्या आणि बंडल संपलं. आम्ही बुलेटचा दिवा लावून पाहिला. अंधारात सहा लाल ठिपके पेटले. पोरांनी टाळ्या पिटल्या. साखर कारखाने, पोलीस आणि आरटीओसुद्धा हंगामात अशा पट्ट्या लावायच्या मोहिमा काढतात. पण गाड्या हजारो. एखादी राहतेच, आणि अपघात व्हायला एकच पुरते.

रात्री जयसिंगपूरला मुक्काम केला. सकाळी त्या मुलीला, तिच्या भावाला आणि वडिलांना घेऊन कोप्यांपासून जवळच्या शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी पत्रक वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊ किती वर्षांचा?" दोन वर्षांचा, म्हटल्यावर म्हणाल्या, "अंगणवाडी आमच्या भिंतीला लागूनच आहे. त्यालाही घेऊन येत जा गं." मुलांनो, मोठे प्रश्न काही एका दिवसात सुटत नाहीत. पण एका मुलीची वाट कधीकधी एका भिंतीवर अडलेली असते. ती भिंत नेमकी कुठली, हे कोणीतरी विचारावं लागतं.

सातशे आणि सात हजार

अकरा वाजता पुन्हा किक मारली. कोल्हापूर, कागल आणि मग निपाणी. इथं काही वेळ आपण कर्नाटकात असतो बरं का! पाट्या कानडी, पण चहावाला अस्सल मराठीत भाव सांगतो. उत्तूरवरून पुन्हा महाराष्ट्रात. आजऱ्याला भाताची कापणी झाली होती. इथला घनसाळ तांदूळ सुवासिक म्हणून नावाजलेला आहे. नंतर दोन्ही बाजूंनी झाडी दाट होत गेली आणि आंबोली आली.

आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. इथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माझ्या बीड जिल्ह्यात सरासरी सातशेही पडत नाही! एकाच राज्यात दहापट फरक. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपली घागर इथंच रिती करतात. पलीकडे आमच्याकडे पोहोचतात ते जवळजवळ रिकामे ढग. भूगोलाच्या पुस्तकात याला 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना असतो. पण त्या सावलीतूनच माझ्या वर्गातली मुलं कोयत्यामागे जातात, हे त्या घाटात उभं राहिल्यावर मला जितकं स्पष्ट दिसलं, तितकं फळ्यावर नकाशा काढताना कधी दिसलं नव्हतं.

घाट उतरू लागलो आणि गंमत झाली. प्रत्येक वळणाला हवा ऊबदार! सावंतवाडीच्या मोती तलावाशी पोहोचेपर्यंत छातीवरचं वर्तमानपत्र घामानं भिजलं. ते काढून टाकलं. लाकडी खेळण्यांच्या दुकानांवरून नजर फिरवली आणि बांदा, पत्रादेवी करत गोव्यात शिरलो. म्हापशाहून वागातोरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

आता कोड्याचं उत्तर

मेळाव्याची जागा समुद्राजवळच्या टेकडीवर. जवळच चापोऱ्याचा किल्ला आहे. आज दिसणारा किल्ला पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये बांधला. शनिवारी सकाळी आत पाऊल टाकलं आणि मेस्त्रीची बोलतीच बंद झाली. जिकडे बघावं तिकडे बुलेट! काळ्या, हिरव्या, लाल, चिखलानं माखलेल्या, आरशासारख्या घासलेल्या. कुणी केरळातून आलेलं, कुणी पंजाबातून, कुणी थेट आसामातून. आम्ही नंबरप्लेटवरून राज्य ओळखायचा खेळ खेळलो. केएल केरळ, पीबी पंजाब, एएस आसाम. आमची एमएच २३, म्हणजे बीड! एकट्या लांबून आलेल्या बायकाही पुष्कळ होत्या. हिंदी, इंग्रजी, मल्याळम अशी सगळी सरमिसळ, पण इंजिनाचा आवाज ऐकला की सगळ्यांना कळायचं कुणाच्या गाडीचं काय दुखतंय. मेस्त्रीला मल्याळमचं एक अक्षर येत नाही. तरी केरळच्या एका काकांच्या गाडीचा प्लग त्यानं तपासून दिला आणि काकांनी त्याला केळ्याचे वेफर दिले.

मातीच्या रिंगणात गाड्या उडवत, धूळ उधळत जोरात शर्यती चालल्या होत्या. पण सगळ्यांत जास्त हशा आणि टाळ्या होत्या त्या दुसऱ्याच ठिकाणी. तिथं होती 'स्लो रेस'! हेच आपल्या कोड्याचं उत्तर. अरुंद पट्ट्यातून गाडी न्यायची, पाय टेकवायचा नाही, थांबायचं नाही, आणि जो सगळ्यांत शेवटी पोहोचेल तो जिंकला. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'स्लो सायकल' असते ना, तशीच. फक्त इथं दीडशे किलोहून जड गाडी!

बघायला सोपं वाटतं. पण चाकं वेगात असली की गाडी आपला तोल बराचसा आपणच सावरते. वेग कमी झाला की ती डगमगते. मग हँडल क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे, क्लच जरासा सोडायचा, पुन्हा दाबायचा. दाढी वाढवलेले मोठमोठे धिप्पाड गडी दहा पावलांत पाय टेकवत होते. मेस्त्रीही उतरला. निम्म्याच्या पुढे गेला आणि त्याचा डावा पाय टेकला. परत येऊन म्हणाला, "गुरुजी, पळवायला काय, कोणीही पळवतं. हळू चालवायला अक्कल लागते."

मला एकदम कोप्यांवरचे बैल आठवले. इथं हळू जाणाऱ्याला बक्षीस होतं. तिथं रस्त्यावर हळू जाणारा कोणाला दिसतही नव्हता. इथं प्रत्येकाच्या जाकिटावर चमकत्या पट्ट्या होत्या. तिथं भरल्या गाडीलाही नव्हत्या.

मेस्त्रीच्या मनातही तेच चाललं असावं. मेळाव्यातला छापील टी-शर्ट घ्यायला त्यानं पैसे वेगळे बांधून आणले होते. संध्याकाळी म्हापशाच्या बाजारातून तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात टी-शर्ट नव्हता. लाल रेडियमची दोन बंडलं होती.

परतीच्या वाटेवर

रविवारी परत फिरलो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच कोप्यांवर थांबलो. उरलेल्या गाड्यांना पट्ट्या झाल्या. शुक्रवार-शनिवार, दोन्ही दिवस ती शाळेत गेली होती. मला पाहून तिनं पहिली बातमी दिली, "गुरुजी, इथल्या पोरी 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, पोरांसारखं!" कोल्हापूरकडची ती रीतच आहे. तिला त्याचं फार हसू येत होतं. भाऊ अंगणवाडीत पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी खिचडी खाऊन झोपला म्हणे.

ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, म्हणजे 'पट्टा पडल्यावर', ती गावाकडे आली. तिकडच्या शाळेचा हजेरीचा कागद तिनं माझ्यापुढे ठेवला. निम्मेच दिवस भरले होते. कधी भाऊ आजारी, कधी टोळी दुसऱ्या गावाला. पण निम्मे तरी भरले होते! उरलेल्या अर्ध्याचा अभ्यास आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत केला. आता ती पुढच्या शाळेत शिकते.

मुलांनो, मोटारसायकल चालवायला तुम्हाला अजून अवकाश आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि परवाना मिळाल्याशिवाय ती हातात घ्यायची नाही, आणि हेल्मेटशिवाय मागेही बसायचं नाही. पण तीन गोष्टी तुम्ही आजच करू शकता.

एक, मैदानावर मित्रांबरोबर स्लो सायकल खेळा आणि तोल कसा सावरतो ते बघा. दोन, तुमच्या सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल पट्टी आहे का पाहा. नसेल तर लावा. मग आईबाबांना सांगून शेजारच्या ट्रॉलीला, हातगाडीला, बैलगाडीलाही लावा. मूठभर शेंगदाण्यांच्या पैशांत एखाद्याचा जीव वाचेल.

आणि तिसरी सगळ्यांत सोपी. तुमची शाळा उसाच्या भागात असेल, तर थंडीच्या दिवसांत वर्गात एखादं नवं मूल येईल. वर्षाच्या मध्येच. त्याच्याजवळ कदाचित गणवेश नसेल, कडेवर धाकटं भावंडं असेल, बोलणं तुमच्यापेक्षा थोडं वेगळं असेल. त्याच्या बोलण्याला हसू नका. थोडं सरकून बसा आणि त्याला बाकावर जागा द्या.

सरकाल ना?